गाडी जड जातेय

शाळेसमोरच्या उतारावर पावसाळ्यात गाडी नीट उभी राहत नाही, म्हणून मी ती वर पिंपळाच्या पाराशेजारी लावतो. संध्याकाळी शाळा सुटली की सातवीतली दोन-तीन पोरं ती ढकलत डांबरी रस्त्यापर्यंत आणून देतात. मी कधी सांगितलेलं नाही. माझी कंबर धरते हे त्यांना ठाऊक आहे, आणि गाडीला हात लावायला मिळतो हेही असणारच. गेल्या वर्षी जुलैत अशाच एका संध्याकाळी त्यातला एक म्हणाला, ‘‘सर, गाडी जड जातेय.’’

‘‘चिखल आहे ना रे.’’

‘‘चिखल मागं राहिला. डांबरावर आली तरी जड जातेय.’’

मी हसून किक मारली आणि निघालो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

शाळा चिपळूणपासून वीसेक किलोमीटरवर. बहादूरशेख नाक्यावरून कराड रस्त्याला लागायचं, खेर्डी, पिंपळी, शिरगाव मागे टाकायचं आणि पोफळीच्या अलीकडे आत वळायचं. पुढे तोच रस्ता कुंभार्ली घाट चढतो. २००९ साली घेतलेली माझी शंभर सीसीची स्प्लेंडर हा रस्ता पाठ म्हणते. शिरगावच्या पुढे एक चढ आहे. तो ती नेहमी चौथ्या गिअरमध्ये चढायची. होळीपासून केव्हा तरी तिथे तिसरा टाकावा लागायला लागला. साठच्या आसपास असलेलं अ‍ॅव्हरेज पंचेचाळीसवर आलं. मी पेट्रोलपंप बदलला, एअर फिल्टर साफ करून घेतला, प्लग बदलला. मग मनाशी म्हटलं, गाडीचं वय झालं. रोज थोडी थोडी जड होत गेलेली गाडी चालवणाऱ्याला कळत नाही, कारण तो मूठ रोज थोडी थोडी जास्त पिळत जातो. ढकलणाऱ्याच्या खांद्याला मात्र ती एकदम कळते.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर गाडी ओट्याशी लावली आणि एकेका चाकाच्या मधोमध, हबजवळ, हात नेला. पुढचा हब कोमट होता. मागच्याची धग चार बोटं अंतरावरूनच लागली. रेनकोटच्या बाहीवरून पाण्याचा थेंब त्यावर पडला आणि चर्र झालं. गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि चाक थांबलं. मोकळं चाक असं थांबत नाही, सावकाश वेग सोडत थांबतं.

मागचा ब्रेक धरून राहत होता. खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण होळीपासून मी त्या ब्रेकचा नट तीनदा सैल केला होता. मागच्या चाकाजवळ ब्रेक रॉडच्या टोकाला तो नट असतो. आवळला की ब्रेक लवकर लागतो, सैल केला की उशिरा. चाक घासतंय असं वाटलं की दोन फेरे सैल करायचे. आठ दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. प्रत्येक वेळी पायाखालचा पेडल आणखी खोल जायचा. म्हणजे चाक घासायचं ते घासतच होतं आणि वर गरजेच्या वेळी ब्रेकही कमी लागत होता.

रविवारी चाचांकडे गेलो. आमच्याकडे गाडी दुरुस्त करणाऱ्याला मेस्त्रीच म्हणतात, पण त्यांना सगळा बाजार चाचा म्हणतो. माझी गाडी पहिल्या सर्व्हिसिंगपासून त्यांच्याच हातची. चाक जाम होतंय म्हटल्यावर ते चाकाकडे वळलेच नाहीत. बसले, रॉडच्या टोकाचा नट पूर्ण काढला आणि रॉड मोकळा केला.

‘‘गुरुजी, आता पेडल दाबा. सोडा.’’

पेडल खट् करून वर आला.

‘‘म्हणजे पेडल शहाणा आहे. त्याच्या खिळ्यात गंज असता तर तो इथेच लोळत पडला असता आणि मागचा लाल दिवा दिवसभर पेटलेला दिसला असता.’’ मग त्यांनी हबच्या बाहेर आलेला तो छोटा लोखंडी हात, ब्रेक आर्म, अंगठ्याने पुढे ढकलला. तो पुढे गेला. अंगठा काढला. हात तिथेच.

‘‘बघा. गेला तो गेला.’’

इतकं साधं. एक नट काढला आणि दुखणं दोन भागांत वाटलं गेलं, रॉडच्या अलीकडचं आणि रॉडच्या पलीकडचं. मी होळीपासून तोच नट फिरवत होतो, पण तो पुरता काढून बघायचं सुचलं नव्हतं.

शाळेत मी घर्षण शिकवतो. घर्षणाचे फायदे, घर्षणाचे तोटे, दोन्हींची दोन-दोन उदाहरणं. ब्रेक फायद्यांत, झिजणारे यंत्रांचे भाग तोट्यांत. इतकी वर्षं हे फळ्यावर लिहिलं, पण ब्रेकच्या पोटात काय असतं ते नीट पाहिलं त्या रविवारी. अ‍ॅल्युमिनियमच्या हबमध्ये लोखंडी कडं बसवलेलं असतं, तो ड्रम. त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन ब्रेक शू समोरासमोर बसतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, चिकटवलेला असतो. दोघांची एकेक टोकं एका स्थिर खुंटीला टेकलेली. दुसऱ्या टोकांच्या मध्ये कॅम, म्हणजे एक आडवी पिन जिचं डोकं दोन बाजूंनी चपटं केलेलं असतं. पेडल दाबला की रॉड ओढला जातो, आर्म फिरतो, त्याबरोबर कॅम फिरतो, चपटं डोकं आडवं होतं आणि दोन्ही शू फाकून ड्रमला भिडतात. पाय काढला की दोन स्प्रिंगा त्यांना परत जवळ ओढतात.

ब्रेक लावायला माणसाच्या पायाचं सगळं बळ असतं. परत यायला फक्त त्या दोन स्प्रिंगा, करंगळीएवढ्या. कॅमची पिन जिथून ब्रेक प्लेटच्या, म्हणजे ड्रमच्या झाकणाच्या, बाहेर येते त्या भोकात थोडा गंज असला तरी पाय कॅमला दामटून फिरवतो. स्प्रिंगांना ते जमत नाही. म्हणून असा ब्रेक लागतो छान, सुटत मात्र नाही, आणि आपण तो लागतोय एवढंच बघतो.

त्यात आणखी एक गंमत आहे, ती मला चाचांनी चाक हातात घेऊन दाखवली. दोन शूंपैकी एक असा असतो की तो ज्या दिशेने उघडतो त्याच दिशेने ड्रम फिरत असतो. ड्रमला तो टेकला की फिरणारं चाकच त्याला आणखी आत खेचून घेतं. ड्रम ब्रेकला थोड्या बळात जोर येतो तो याच्यामुळे. १९०२ साली लुई रेनोने मोटारीसाठी ड्रम ब्रेक घडवला तेव्हापासून हेच तत्त्व चालत आलं आहे. पण शू पुरता मागे आला नसेल तर हाच गुण उलटतो. चाक त्याला सोडत नाही. घासत राहतो, तापतो, तापला की कॅमवर उरलंसुरलं ग्रीस वाळून काळं होतं आणि कॅम आणखी घट्ट होतो. नट सैल करून हे थांबणार नव्हतं.

चाचांनी चाक उतरवलं. ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला मागच्या चिमट्याशी, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांशी, बांधून ठेवणारी एक पट्टी असते. तिच्या नटातली स्प्लिट पिन सरळ करून काढली, नट काढला, मग एक्सलचा मोठा नट. एक्सल बाहेर आला. या गाडीचं बरं असं की चेन जागेवर राहते आणि चाक एकटं निघतं. प्लेट हातात आली. आतली काळी भुकटी मी फुंकर मारून उडवायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आताच्यात काय काय असतं ते छातीला विचारू नका, म्हणाले. ओल्या फडक्याने पुसून घेतली.

शू उतरवले. एका शूचा लायनर दुसऱ्यापेक्षा बराच झिजलेला होता आणि वरून काचेसारखा गुळगुळीत. प्लेटच्या बाहेरच्या बाजूला, आर्मच्या खाली, नमद्याची एक छोटी चकती असते. पिनेच्या भोकात पाणी जाऊ नये म्हणून ती तेलात भिजवून बसवतात. चाचांनी आर्म काढून ती चकती टोकदार पेचकसाने उचलली. ती दगडासारखी कडक झाली होती आणि तिच्याखाली राखाडी थर होता. बोटावर घेतला तर भस्मासारखा मऊ.

आम्ही दोघांनीही तो ओळखला. चिपळुणात हा गाळ कुणालाही दाखवा, सांगेल.

२२ जुलै २०२१. पहाट व्हायच्या आधीच वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी गावात शिरलं. बाजारपेठ बुडाली. आमचं घर तळमजल्यावर, वरच्या मजल्यावर चुलतभाऊ राहतो. आईला खुर्चीत बसवून वर नेलं. गाडी ओट्यावर चढवायला खाली उतरलो तेव्हा पाणी मांडीला लागलं होतं, ती तशीच सोडली. पाणी उतरलं तेव्हा ती रस्त्यापलीकडच्या भिंतीला टेकून आडवी पडली होती, आरशापासून सायलेन्सरपर्यंत त्या राखाडी गाळाने सारवलेली.

त्या दिवसांत चाचांच्या दुकानासमोर गाड्यांची रांग कोपऱ्यावर वळून पुढे गेलेली असायची. त्यांचं स्वतःचं दुकान छतापर्यंत बुडालेलं, हत्यारं वेचून आणून रॉकेलच्या घमेल्यात टाकलेली. तरी ते उन्हापावसात रस्त्यावर बसून गाड्या खोलत होते. माझ्या गाडीचं इंजिन तीनदा तेल बदलून धुतलं, कार्ब्युरेटर सुटा केला, पुढच्या चाकाचे बेअरिंग बदलले, वायरिंग वाळवलं. मागचं चाक?

‘‘मीच धुतली होती ही प्लेट,’’ चाचा म्हणाले. ‘‘पाइप मारला, लायनर घासला, बसवली. कॅम फिरत होता, म्हणून काढला नाही.’’ थोडा वेळ ते पिन बघत राहिले. ‘‘त्या वेळी जे बंद पडलं ते सगळं उघडलं, गुरुजी. जे चालत होतं ते कोण उघडतो?’’

त्यांच्या आवाजात अपराधीपणा नव्हता, आणि मलाही त्यांना दोष द्यावासा वाटला नाही. त्या रांगेत माझ्यामागे दूधवाला होता, त्याच्यामागे औषधं पोचवणारा. चालू भाग सुटा करायला तेव्हा कुणाकडेच दिवस नव्हता.

पिन भोकात इतकी धरली होती की ती ओढून निघेना. हातोडी मारली तर प्लेट तडकते, ती अ‍ॅल्युमिनियमची. त्यांनी भोकात रॉकेल सोडलं, प्लेट जुन्या परातीत ठेवली आणि म्हणाले, रात्रभर पिऊ दे तिला, उद्या शाळा सुटल्यावर या.

त्या रात्री पाऊस जोरात होता. दोनच्या सुमारास जाग आली तर आई पलंगावर नव्हती. ती पुढच्या दाराशी खुर्ची घेऊन बसली होती, दार बोटभर उघडं, हातात बॅटरी. आमच्या ओट्याला चार पायऱ्या आहेत. ती रस्त्यावरच्या पाण्याकडे बॅटरी मारते आणि पायऱ्या मोजते. पुरानंतरचा एकही पावसाळा असा गेलेला नाही. पावसाचा आवाज वाढला की ती उठते आणि आवाज उतरेपर्यंत बसते. दिवसा तिचं सगळं नीट चालू असतं. देवपूजा, निवडणं-टिपणं, नातवंडांशी फोन. पुरानंतर डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं तेव्हा तिचं ब्लडप्रेशर आमच्यापेक्षा चांगलं निघालं होतं. चिखल काढताना माझी कंबर गेली, बायकोला ताप आला, आमच्या दोघांचे औषधोपचार झाले. आई मात्र पुरुषभर गाळातून देव शोधून काढून ते चिंचेने घासत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

‘‘आई, झोप. काही येत नाही पाणी. नदीतला गाळ काढलाय आता.’’

‘‘हो. तू झोप, मी बसलेय.’’

हा संवाद पाठ आहे दोघांना. मी आत जाऊन पडलो. डोळा लागत नव्हता. रॉकेलात पडलेली ती पिन आणि चाचांचं ते वाक्य डोळ्यांपुढे येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिन निघाली. चाचांनी तिच्यावर आर्म परत चढवला आणि आर्मच्या आधाराने तिला मागे-पुढे, मागे-पुढे फिरवत राहिले. आधी केसभर हलली, मग गव्हाच्या दाण्याएवढी. ओलसर, लालसर चिखल बाहेर येत होता. मग लाकडाचा तुकडा लावून हलकेच ठोकली आणि ती हातात आली. दाढी करताना लावावा तितक्या हलक्या हाताने त्यांनी तिला बारीक पॉलिश पेपर लावला. भोकातही पेपरची सुरळी करून फिरवली. कोरडी पिन भोकात सोडली तर ती आपल्या वजनाने खाली सरकली. तेवढं झाल्यावरच ग्रीसचा डबा उघडला.

ग्रीस किती लावायचं यावर ते फार काटेकोर. पिनेला पातळ थर, कॅमच्या चपट्या तोंडांना बोटाने पुसल्यासारखं, शू जिथे टेकतात त्या खुंटीला तितकंच. उष्णता सोसणारं ग्रीस हवं, साधं वितळून लायनरवर उतरतं आणि मग ब्रेकच लागत नाही. ब्रेक चिकटला की बाहेरून तेल मारणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं, तसं करू नका. ते तेल भोकात कमी आणि ड्रमात जास्त जातं. जीव त्या लायनरच्या कोरडेपणावर असतो.

शू नवे घातले. जुन्या स्प्रिंगा नव्यांशेजारी धरल्या तर दीड-दोन मिलिमीटर लांब झालेल्या, त्याही बदलल्या. नमद्याची नवी चकती तेलात बुडवून बसवली. आर्मवर एक टिंब असतं आणि पिनेच्या टोकावरही. दोन्ही टिंबं समोरासमोर आली तरच आर्म बरोबर बसतो. एक दात इकडेतिकडे झाला तर आर्मवरचा तो छोटा बाण खोटं बोलू लागतो. ब्रेक पुरता दाबल्यावर तो बाण प्लेटवरच्या खुणेला टेकला की लायनर संपला असं समजायचं. सोळा वर्षं गाडी माझ्याकडे आहे, आणि त्या बाणाकडे मी पहिल्यांदा बघितलं.

चाक चढवल्यावर त्यांनी मला पेडल दाबून धरायला लावला आणि मग एक्सल आवळला. दाबून धरल्याने दोन्ही शू ड्रमच्या बरोबर मध्ये बसतात, एकाच अंगाने घासत नाहीत. पट्टीचा नट त्यांनी दोनदा तपासला आणि नवी स्प्लिट पिन घातली. ही पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागच्या जागी जाम होतं. शेवटी रॉडचा नट. पेडल दोन-अडीच सेंटिमीटर मोकळा खाली जाईल आणि मग लागेल, इतका.

‘‘आता फिरवा.’’

मी चाक फिरवलं. ते फिरत राहिलं. चाचांचा चहा आला, त्यांनी बशीत ओतला, तरी शेवटचा फेरा सावकाश चालूच होता.

१ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकच पेडल दाबून दोन्ही ब्रेक लागण्याची सोय सक्तीची झाली. चांगली आहे ती, घाटात तर फारच. पण तिच्यात मागच्या पेडलाला पुढच्या चाकाचीही केबल जोडलेली असते. अशी गाडी जड जायला लागली तर दोन्ही चाकं फिरवून बघावीत.

जुने शू मी मागून घेतले आणि शाळेत नेले. सातवीच्या टेबलावर ठेवले, कॅमऐवजी लाकडी पट्टी मध्ये धरली, एका पोराला ती फिरवायला लावली. स्प्रिंगांचा ताण बोटांना लागला तसे सगळे पुढे सरकले. ज्याच्यामुळे हे झालं तो मागच्या बाकावरून येऊन सगळ्यात शेवटी उभा राहिला. मी त्याला विचारलं, ‘‘तुला कसं कळलं रे?’’ तो म्हणाला, ‘‘ढकलताना हात सोडला की गाडी लगेच थांबायची. आधी थोडी पुढं जायची.’’ हे वाक्य मी फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं.

त्याच आठवड्यात पुन्हा रात्री कोसळायला लागला. दार किंचित उघडल्याचा आवाज आला. मी उठलो, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि आईच्या शेजारी ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. मी पहिल्यांदाच तिला विचारलं, त्या दिवशी वर नेताना तू खुर्चीतून काय बघत होतीस? ती बराच वेळ गप्प राहिली. मग सांगायला लागली. खुर्ची वळताना तिला आपलं देवघर दिसलं होतं, पाण्यावर तरंगणारा समईचा तेलाचा डबा दिसला होता, आणि खाली पाण्यात उभा असलेला मी. मी गाडीकडे गेलो ते तिने पाहिलं होतं. परत वर आलो ते पाहिलं नव्हतं, कारण तोवर तिला आतल्या खोलीत नेलं होतं. किती वेळ गेला ते तिला ठाऊक नाही. हे तिने चार वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

पाऊस चालू होता. मध्येच तिने बॅटरी माझ्या हातात दिली. मी पायऱ्यांवर प्रकाश टाकला आणि तिच्यासारखंच मोजलं.

‘‘तिसरी कोरडी आहे,’’ मी म्हटलं.

‘‘दुसरी बघ.’’

‘‘दुसरीही कोरडी.’’

तिने पदर सारखा केला आणि खुर्चीला पाठ टेकली.